एकाच भीतीच्या अनेक वाटा

१५ नोव्हेंबर २०२२. पूर्व पोलंडमधलं प्शेवोदुव हे युक्रेनच्या सीमेलगतचं छोटं शेतकरी गाव. दुपारी साडेतीननंतर गावातल्या धान्य वाळवण्याच्या केंद्रावर एक क्षेपणास्त्र येऊन आदळलं आणि दोन माणसं ठार झाली. त्या दिवशी रशियाने युक्रेनभर क्षेपणास्त्रांचा मोठा मारा केला होता, त्यामुळे पहिला संशय साहजिकच रशियावर गेला. पोलंड हा 'नाटो' या लष्करी आघाडीचा सदस्य, आणि एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानायचा, असं नाटोच्या कराराचं पाचवं कलम सांगतं. बालीत जी-२० परिषदेसाठी गेलेल्या अमेरिकी अध्यक्ष जो बायडन यांना रात्री झोपेतून उठवण्यात आलं. सकाळी तिथेच मित्रराष्ट्रांच्या नेत्यांची तातडीची बैठक भरली. तोवर वृत्तवाहिन्यांवर तिसऱ्या महायुद्धाची चर्चा सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी पोलंडचे अध्यक्ष आंद्रेय दुडा आणि नाटोचे सरचिटणीस येन्स स्टोल्टेनबर्ग या दोघांनीही सांगितलं, की रशियाचा मारा अडवण्यासाठी युक्रेनने सोडलेलं हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र भरकटून इथे पडलं असावं. पोलंडवर मुद्दाम हल्ला झाल्याची चिन्हं नव्हती. युरोपाने सुटकेचा श्वास टाकला.

पण त्या काही तासांतली धाकधूक नऊ महिने साचत आलेली होती. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे व्लादिमीर पुतिन यांनी दूरचित्रवाणीवरून 'विशेष लष्करी मोहीम' जाहीर केली तेव्हाच मध्ये पडणाऱ्यांना बजावलं होतं, की इतिहासात कधी पाहिले नसतील असे परिणाम भोगावे लागतील. तीनच दिवसांनी त्यांनी रशियाच्या अण्वस्त्र दलांना विशेष सज्जतेचा आदेश दिला. परकं सैन्य एखाद्या देशात घुसलं की बाहेरचे लोक हळहळतात, संतापतात, मदत पाठवतात. युक्रेनच्या वेळी या सगळ्याच्या तळाशी आणखी एक प्रश्न होता: हे युद्ध तिथेच थांबेल की आपल्या दारापर्यंत येईल?

प्रश्न सगळ्यांचा एकच, तरी त्याची उत्तरं कमालीची वेगळी निघाली. याच भीतीने एका देशातले लोक लष्करी आघाडीत शिरायला निघाले. याच भीतीने दुसऱ्या देशातले नामवंत लेखक 'शस्त्रं पाठवू नका' असं सरकारला लिहू लागले. तिसऱ्या देशात लोक आक्रमण करणाऱ्याच्याच बाजूने मोर्चे काढत होते. या फरकाचं मूळ शोधायला गेलं, तर नकाशापेक्षा त्या त्या समाजाच्या आठवणी जास्त उलगडा करतात.

भीतीचं पहिलं रूप औषधांच्या दुकानांत दिसलं. बेल्जियम, पोलंड, फिनलंड अशा देशांत पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या घ्यायला लोक रांगा लावू लागले. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन हवेत पसरतं आणि ते माणसाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. या गोळ्यांतलं साधं आयोडीन आधीच ग्रंथीत भरून राहतं, त्यामुळे घातक आयोडीनला जागा उरत नाही. एवढंच या गोळीचं काम. अणुबॉम्बच्या स्फोटापासून किंवा इतर किरणोत्सारापासून ही गोळी वाचवू शकत नाही, असं डॉक्टर सांगत राहिले आणि तरीही गोळ्या संपत राहिल्या. ४ मार्चच्या पहाटे झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राच्या आवारात लढाई होऊन आग लागल्याची दृश्यं आली तेव्हा ही घबराट वेडेपणाची नव्हती, हे सगळ्यांना पटलं. सहा अणुभट्ट्यांचं ते युरोपातलं सर्वांत मोठं केंद्र आहे. पोलंडमधल्या मध्यमवयीन पिढीला तर समजावून सांगायची गरजच नव्हती. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला तेव्हा तिथल्या सरकारने दीड कोटीहून अधिक लोकांना आयोडीनचं औषध पाजलं होतं, मुलांना सगळ्यांत आधी. तेव्हा शाळेत रांगेत उभं राहून ते कडवट औषध प्यायलेली मुलं आता आईबाप झाली होती.

रस्त्यांवरचं चित्र आणखी बोलकं होतं. २७ फेब्रुवारीच्या रविवारी बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजाच्या परिसरात पोलिसांच्या अंदाजाने एक लाखाहून जास्त लोक जमले. आयोजकांचा आकडा पाच लाखांचा होता. दुसऱ्या दिवशी कोलोन शहरात कार्निव्हलची सोमवारची पारंपरिक मिरवणूक रद्द झाली आणि तिच्या जागी शांतता मोर्चा निघाला. अडीच लाख लोक त्यात चालले, बरेचसे कार्निव्हलच्याच पोशाखात. प्रागच्या वेन्स्लास चौकात हजारोंची गर्दी उसळली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये याच चौकात सोव्हिएत रणगाडे घुसले होते. त्या वेळी प्रागच्या नागरिकांनी शत्रूला रस्ता सापडू नये म्हणून रातोरात रस्त्यांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या. २०२२ मध्ये युक्रेनच्या रस्ते विभागाने नागरिकांना नेमकं हेच आवाहन केलं, तेव्हा चेक लोकांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी इथे संसदेसमोर रोज रात्री लोक जमत होते, आणि तिथे राग दुहेरी होता. २००८ मध्ये रशियाचं सैन्य जॉर्जियात घुसलं होतं आणि अबखाझिया व दक्षिण ओसेतिया हे प्रदेश आजही देशाच्या हातात नाहीत. तरीही जॉर्जियाच्या सरकारने रशियावर निर्बंध लावायला नकार दिला. पुढचा नंबर आपला लागू नये, ही सरकारची भीती. आज गप्प बसलो तर पुढचा नंबर आपलाच, ही चौकातल्या लोकांची भीती. एकाच शहरात, एकाच शेजाऱ्याबद्दल.

या मोर्चांमधून एक मागणी सतत ऐकू येत होती, 'आकाश बंद करा'. युक्रेनवर विमानबंदीचं क्षेत्र जाहीर करा, असा तिचा अर्थ. राष्ट्राध्यक्ष व्होलोदिमीर झेलेन्स्की स्वतः ती रोज मांडत होते, आणि बॉम्ब ज्यांच्या डोक्यावर पडत होते त्यांनी ती मांडणं अगदी स्वाभाविक होतं. पण विमानबंदी कागदावर लागत नाही. ती मोडणारं विमान पाडावं लागतं, जमिनीवरच्या विमानवेधी तोफखान्यावर बॉम्ब टाकावे लागतात, आणि इथे ती विमानं व तो तोफखाना रशियाचा होता. ४ मार्चला नाटोने या मागणीला स्पष्ट नकार दिला. नाटो आणि रशिया यांची थेट टक्कर म्हणजे तिसरं महायुद्ध, असं बायडन यांनी पुढच्या आठवड्यात सांगितलं.

लोकांच्या मनातली ओढाताण अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये उघडी पडली. मार्चच्या सुरुवातीला रॉयटर्स-इप्सॉसच्या पाहणीत ७४ टक्के लोक विमानबंदीच्या बाजूने होते. मात्र दुसऱ्या पाहण्यांमध्ये 'यासाठी रशियन विमानं पाडावी लागतील, युद्ध पसरू शकेल' असं सांगून तोच प्रश्न विचारला गेला, तेव्हा पाठिंबा झपाट्याने घसरला. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना युक्रेनची मुलं वाचवायची होती आणि आपलीही. दोन्ही एकाच वेळी करता येईल का, हे त्यांना कुणी आधी विचारलंच नव्हतं.

फिनलंडमधली प्रतिक्रिया सर्वांत लक्षवेधी होती. रशियाशी तब्बल १,३४० किलोमीटरची सीमा असलेला हा जेमतेम ५५ लाख वस्तीचा देश. शीतयुद्धाच्या काळात त्याने मोठ्या शेजाऱ्याला न दुखवता जगण्याची कसरत केली आणि नंतरही नाटोपासून अंतर राखलं. युद्धाआधी नाटोत जावं असं म्हणणारे तिथे बराच काळ वीस ते तीस टक्क्यांच्या आसपास असायचे. फेब्रुवारीच्या अखेरीस फिनिश प्रसारण संस्थेच्या पाहणीत हा आकडा ५३ टक्क्यांवर गेला, मार्चच्या मध्यात ६२ वर आणि ९ मे रोजी ७६ वर. हा बदल कुठल्या नेत्याने घडवलेला नव्हता. उलट राजकीय पक्ष लोकांच्या मागून धावत होते. नाटो प्रवेशावर सार्वमत घ्यावं, यासाठीच्या नागरिकांच्या अर्जाला आक्रमण सुरू होताच काही दिवसांत ५०,००० सह्या मिळाल्या आणि तो विषय संसदेला घ्यावा लागला. १७ मे रोजी संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी नाटोत अर्ज करण्याला मान्यता दिली. ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड सदस्य झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की युद्ध पसरण्याची भीती असताना रशियाला डिवचणारं हे पाऊल एवढ्या शांत समाजाने का उचललं? फिनिश माणसाचं उत्तर १९३९ मध्ये आहे. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्य फिनलंडमध्ये घुसलं. साडेतीन महिन्यांच्या 'हिवाळी युद्धा'त फिनलंडने जगाला थक्क करणारी झुंज दिली आणि स्वातंत्र्य राखलं, पण मदतीला खऱ्या अर्थाने कुणी आलं नाही. कारेलियाचा मोठा प्रदेश गेला. सुमारे चार लाख लोकांना घरदार सोडून उरलेल्या देशात नव्याने वसावं लागलं. अनेक फिनिश कुटुंबांत कारेलियातून आलेली आजी किंवा पणजी असते. २०२२ मध्ये टीव्हीवर कीव्हच्या दिशेने सरकणारे रणगाडे पाहताना त्या घरांत निघालेला निष्कर्ष सरळ होता: एकटं राहणं जास्त धोक्याचं.

फिनलंड भीतीने गोठला नाही याचं आणखी एक कारण तयारीत आहे. या देशात सुमारे ५०,५०० नागरी निवारे आहेत आणि त्यांत ४८ लाख लोकांची सोय होते. मोठी इमारत बांधायची तर निवारा बांधणं कायद्याने सक्तीचं. हेलसिंकीत जमिनीखालच्या अशा जागांमध्ये एरवी जलतरण तलाव, खेळाची मैदानं, वाहनतळ चालतात आणि गरज पडली तर ठरावीक मुदतीत त्या रिकाम्या करता येतात. शिवाय पुरुषांना लष्करी सेवा बंधनकारक आहे. तीन दिवस बाहेरच्या मदतीशिवाय घर चालेल एवढं पाणी, अन्न आणि औषधं प्रत्येकाने साठवावीत, अशी तिथली रीत आहे. आपण काय करायचं हे ज्याला ठाऊक असतं, त्याची भीती त्याला निर्णयाकडे नेते. स्वीडननेही दोन शतकांची अलिप्तता सोडली आणि ७ मार्च २०२४ रोजी नाटोत प्रवेश केला. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून स्वीडिश सरकारने संकट किंवा युद्ध आलं तर काय करावं, याची पुस्तिका पन्नास लाखांहून अधिक घरांत टपालाने पाठवली.

जर्मनीत याच भीतीने उलट दिशा धरली, आणि तिथला वाद वाचण्यासारखा आहे. बर्लिनमध्ये लाखभर लोक रस्त्यावर असतानाच त्याच रविवारी चॅन्सेलर ओलाफ शॉल्त्स यांनी संसदेत 'युगबदल' झाल्याचं सांगून लष्करासाठी १०० अब्ज युरोंचा विशेष निधी जाहीर केला. एप्रिलच्या अखेरीस संसदेने युक्रेनला जड शस्त्रं देण्याला पाठिंबा दिला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'एमा' या स्त्रीवादी नियतकालिकाच्या संपादक आलिस श्वार्त्सर यांच्या पुढाकाराने २८ जणांचं अनावृत पत्र प्रसिद्ध झालं. कादंबरीकार मार्टिन वाल्झर, चित्रपटकार व लेखक अलेक्झांडर क्लूगे, लेखिका युली झे अशी वजनदार नावं त्यावर होती. जड शस्त्रं पाठवून जर्मनी स्वतः युद्धातला पक्ष बनेल आणि त्यातून महायुद्ध भडकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. काही दिवसांत लाखो लोकांनी त्यावर सह्या केल्या. लगेच दुसऱ्या लेखक-विचारवंतांनी विरुद्ध बाजूचं पत्र काढलं: आक्रमकाला आत्ता रोखलं नाही तर पुढचं युद्ध अधिक जवळ येईल, असं त्यांनी बजावलं. नव्वदी ओलांडलेले तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी दीर्घ लेख लिहून शॉल्त्स यांच्या सावधपणाची बाजू घेतली. युक्रेन हरता कामा नये हे त्यांना मान्य होतं, पण अण्वस्त्रधारी देशाला नेहमीच्या अर्थाने युद्धात हरवता येत नाही, हा पेच डोळ्यांआड करू नका, असं ते म्हणत होते.

पहिल्या पत्रावर सही करणाऱ्यांना भित्रे ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. वाल्झर आणि क्लूगे यांनी जळलेली जर्मन शहरं लहानपणी, तरुणपणी डोळ्यांनी पाहिली. नंतर चार दशकं देश दुभंगलेला होता आणि महासत्तांची अण्वस्त्रं दोन्ही बाजूंना रोखलेली होती. युद्ध पेटलं असतं तर पहिली राख जर्मनीची झाली असती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या विरोधात बॉनमध्ये लाखोंचे मोर्चे निघाले ते या जाणिवेतून. तरीही त्यांच्या युक्तिवादात एक मोठी उणीव होती. नाझी जर्मनीने सोव्हिएत संघावर केलेल्या हल्ल्यात सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली. त्याची शरम जर्मन मनात खोल आहे, पण ती बहुतेक वेळा 'रशिया' या एकाच नावाला जोडली गेली. मेलेल्यांत युक्रेन आणि बेलारूसमधले लक्षावधी लोक होते. इतिहासकार टिमोथी स्नायडर यांनी २०१७ मध्येच जर्मन संसद सदस्यांसमोर व्याख्यान देऊन युक्रेनबाबतच्या जर्मन जबाबदारीकडे लक्ष वेधलं होतं. अर्धवट आठवणीतून घेतलेला धडाही अर्धवटच राहतो.

सर्बियाचं उदाहरण थोडक्यात सांगता येईल. ४ मार्चला बेलग्रेडमध्ये काही हजार लोकांनी रशियाचे झेंडे घेऊन मोर्चा काढला. १९९९ मध्ये नाटोच्या विमानांनी ७८ दिवस सर्बियासह युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली होती, सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय. तो राग तिथे जिवंत आहे. अशीच कडवट आठवण अरब जगात इराकची आहे. २००३ च्या १५ फेब्रुवारीला रोम, लंडन, माद्रिदसह जगभरच्या शेकडो शहरांत लोक युद्धाविरुद्ध रस्त्यावर आले होते, तरी पाच आठवड्यांत अमेरिकेने इराकवर स्वारी केलीच. 'तेव्हा हे निर्बंध कुठे होते?' असा सवाल बगदादमधला माणूस करतो तेव्हा तो सवाल खरा असतो. मात्र त्याचा उपयोग युक्रेनमधल्या मृत्यूंवर पांघरूण घालण्यासाठी झाला, की तो इराकी माणसाच्याही कामाचा राहत नाही.

सर्वांत मोठी किंमत मोजून व्यक्त झालेली प्रतिक्रिया रशियातली होती. पहिल्याच दिवशी तिथे पन्नासहून अधिक शहरांत लोक निषेधाला उतरले आणि अटकांची नोंद ठेवणाऱ्या ओव्हीडी-इन्फो या संस्थेनुसार १,७०० हून जास्त जणांना पकडण्यात आलं. ६ मार्चच्या एका दिवसात सुमारे ५,००० जण. मार्चच्या मध्यापर्यंत हा आकडा १५,००० च्या घरात गेला होता. ४ मार्चला नवा कायदा आला: लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. निझ्नी नोव्हगोरोदमध्ये एका बाईने कोरा कागद हातात धरला म्हणून पोलिसांनी तिला उचललं. सेंट पीटर्सबर्गच्या चित्रकार येलेना ओसिपोवा यांनी सत्तरी कधीच ओलांडली होती. हाताने रंगवलेले फलक घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि शिरस्त्राणं घातलेले पोलीस त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेले. १४ मार्चला सरकारी वाहिनीच्या मुख्य बातमीपत्रात संपादक मारिना ओव्स्यान्निकोव्हा थेट निवेदिकेच्या मागे युद्धविरोधी फलक घेऊन आल्या. 'नोवाया गझेटा' या वृत्तपत्राने महिनाअखेर प्रकाशन थांबवलं. त्याचे संपादक दिमित्री मुरातोव्ह यांनी आपलं शांततेचं नोबेल पदक जूनमध्ये लिलावात काढलं. १० कोटी ३५ लाख डॉलर आले, ते सगळे युक्रेनी निर्वासित मुलांसाठी युनिसेफला गेले.

२०२२ च्या मार्चमध्येच जनमत चाचण्या घेणाऱ्या लेवादा केंद्राच्या पाहणीत ८१ टक्के रशियन लोकांनी लष्करी कारवाईला पाठिंबा दर्शवला. कोऱ्या कागदासाठी अटक होते त्या देशात दारावर किंवा फोनवर आलेल्या अनोळखी माणसाला लोक काय उत्तर देतील, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचायला हवा. तरी तो निव्वळ खोटा म्हणून झटकताही येत नाही. बऱ्याच जणांना ते खरोखर पटलेलं होतं, आणि आणखी कित्येकांना त्याचा विचारच करायचा नव्हता. विचार करणं भाग पडलं ते २१ सप्टेंबरला, पुतिन यांनी तीन लाख राखीव सैनिकांच्या भरतीचा आदेश काढला तेव्हा. इस्तंबूल आणि येरेवानच्या विमानांची तिकिटं काही तासांत संपली. जॉर्जियाच्या सीमेवर वेर्खनी लार्स इथे मोटारींची रांग किलोमीटरच्या किलोमीटर लांबली. तोवर टीव्हीवर चाललेलं युद्ध घरात आलं होतं.

मॉस्कोतले एक स्थानिक लोकप्रतिनिधी अलेक्सेई गोरिनोव्ह यांची गोष्ट या सगळ्यात वेगळी ठरते. त्यांनी मोर्चा काढला नाही की फलक धरला नाही. मार्चमधल्या प्रभाग समितीच्या बैठकीत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला, तेव्हा तिकडे मुलं मरत असताना आपण स्पर्धा कशा भरवायच्या, असं ते म्हणाले. जुलैमध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या संभाषणांवरून आणखी तीन वर्षांची.

ज्यांच्यावर आक्रमण झालं त्या लोकांनी काय केलं, हे या चर्चेत मागे पडतं. खेरसोन शहर २ मार्चला रशियाच्या ताब्यात गेलं. तीन दिवसांनी मधल्या चौकात निःशस्त्र नागरिक पिवळे-निळे झेंडे घेऊन सैनिकांसमोर उभे राहिले. एक जण तर चालत्या लष्करी वाहनावर चढून झेंडा फडकवत होता. सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या, लोक परत आले. मार्चच्या उत्तरार्धात जमावावर गोळीबार आणि स्फोटक नळकांड्यांचा मारा करून चौक रिकामा करण्यात आला. मेलितोपोलच्या महापौरांना डोक्यावर पिशवी घालून पळवून नेलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी शेकडो लोक 'महापौरांना सोडा' म्हणत रस्त्यावर आले. युद्ध पसरेल का याची चर्चा बाहेरच्या राजधान्यांत चालू होती. मेलितोपोलच्या गृहिणीसाठी ते पसरून झालेलं होतं.

भारतात प्रतिक्रिया वेगळ्या वाटेने आली. इथे मोठे मोर्चे निघाले नाहीत. वीस हजारांहून अधिक भारतीय, बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी, युक्रेनमध्ये होते, त्यांत महाराष्ट्रातली मुलं-मुलीही होती. खार्किवच्या तळघरांतून आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांतून येणारे त्यांचे व्हिडिओ हेच आपल्यासाठी युद्ध होतं. १ मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकातल्या एका विद्यार्थ्याचा बळी गेला आणि घरोघरचा जीव टांगणीला लागला. 'ऑपरेशन गंगा' या सरकारी मोहिमेतून हजारो भारतीय परत आले. दुसरी झळ स्वयंपाकघराला बसली. भारत आयात करत असलेल्या सूर्यफूल तेलातला बहुतांश वाटा युक्रेनचा होता. काळ्या समुद्रातली बंदरं बंद झाली आणि तेलाचे भाव भडकले.

आपल्याही मताला आठवणीचा रंग होताच. १९७१ चा भारत-सोव्हिएत करार, बांगलादेश युद्धाच्या वेळी सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने वापरलेला नकाराधिकार, मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त आणि देखणी मराठी पुस्तकं यांवर इथली एक पिढी वाढली. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाच्या निषेधाच्या बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत होता. त्याची राजनैतिक कारणं काहीही असोत, सामान्य मराठी माणसाच्या मनातल्या त्या 'रशिया'त युक्रेनही होता, हे आपण जर्मनांसारखंच विसरून गेलो होतो.

आणि महाराष्ट्राकडे युक्रेनच्याच भूमीची एक दुसरी आठवण आहे. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये घुसलं. पुढच्या दोन वर्षांत लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेण्यात आलं. त्यांतले वाचलेले काही इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतल्या सुमारे पाच हजार जणांना, त्यातही मुख्यतः बायका-मुलांना, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत आसरा मिळाला. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती. यांतल्या पुष्कळांची मूळ गावं आज पश्चिम युक्रेनमध्ये आहेत. युद्ध संपलं तेव्हा तो प्रदेश सोव्हिएत संघात गेलेला होता, म्हणून परत जायला घर उरलं नव्हतं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. त्याच जागी फाळणीने घर हिरावलेले सिंधी लोक येऊन वसले आणि गांधीनगर उभं राहिलं. २०२२ मध्ये पोलंडमधल्या प्शेमिशल स्थानकावर पोलिश आयांनी अनोळखी युक्रेनी बायकांसाठी बाबागाड्या ठेवल्या, लाखो लोकांना स्वतःच्या घरात जागा दिली, त्यामागे आजी-आजोबांच्या निर्वासितपणाची ही आठवणही असावी. वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे आदरांजली वाहिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे, पण तो कशासाठी हे रोज तिथे फिरायला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

वळिवड्यात पोलिश मुलांबरोबर खेळलेली, त्यांच्या आयांना दूध-भाजी विकायला जाणाऱ्या आईचा पदर धरून छावणीत गेलेली मुलं आज ऐंशीच्या पुढची आजी-आजोबा आहेत. कोल्हापूर परिसरातल्या महाविद्यालयांनी, शाळांनी आणि वाचकांनीही त्यांना गाठावं, त्यांना काय आठवतं ते ध्वनिमुद्रित करून घ्यावं, लिहून काढावं. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.